रविवारचं सभागृह आणि वरच्या वाडीचा रस्ता

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाशी बसली की वर्षभरात ते आपोआप साठतात, फ्रीजमधल्या उरल्यासुरल्या भाज्यांच्या डब्यांसारखे. कधीतरी झाकण उघडावंच लागतं. एकट्या माणसाचे मात्र किस्से होत नाहीत. मी करून बघितलंय! मुलीच्या बारावीसाठी बायको आणि ती पुण्याला गेल्यावर सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मी दीड वर्ष एकटा राहिलो. त्या दीड वर्षात माझ्या घरात घडलेली सर्वांत मोठी घटना म्हणजे मायक्रोवेव्ह बिघडला. हे मी फार रंगवून सांगितलं तरी कोणी हसत नाही.

तेव्हा हे किस्से घरातले नाहीत, टेबलावरचे आहेत. आमचं टेबल घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या उघड्या मंडपात, अगदी पंख्याखालचं. रविवारी सकाळी साडेनऊला तिथे तिघं असायचो. पहिला मी, साने. दुसऱ्या शुभदाताई, हार्बरफ्रंटला एका ऑफिसात एचआर सांभाळणाऱ्या. नवरा दुबईला, त्या आणि त्यांची कॉलेजातली मुलगी रेवा इथे. आणि तिसरे गावडे. अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढून आता किनाऱ्यावरच्या नोकरीला लागलेले मरीन इंजिनिअर. त्यांना सगळे चीफच म्हणायचे. इंजिनाच्या वरताण बोलायची सवय असल्यामुळे चीफ हळू बोलले तरी शेजारच्या स्टॉलवर ऑर्डर जायची.

चौथा होता दिनू. माझा होस्टेलचा रूममेट. चार वर्षं तो इथे एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, बोगद्याच्या कामावर सिव्हिल इंजिनिअर होता, याच टेबलाशी बसायचा. मग एक दिवस उठला, गावी परत गेला आणि पोटनिवडणूक जिंकून आमदार झाला! लोक सिंगापूरहून परत जाताना परफ्यूम आणि चॉकलेटं नेतात. यानं काय नेलं कोण जाणे.

* * *

आमदार झाल्यावर पहिल्या अधिवेशनात दिनूचा रविवारी व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे सात.

"पाच मिनिटांचं भाषण आहे. ऐकता का जरा?"

"आम्ही कशाला? तुझ्याकडे एवढे कार्यकर्ते आहेत की," मी म्हटलं.

"ते अर्ध्या वाक्यातच टाळ्या वाजवतात रे. वाक्य कुठे संपतं तेच मला कळेनासं झालंय! आणि इथे आमदार निवासातल्या खोलीत मी आणि पंखा, दोघंच आहोत."

आम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. दिनूनं घसा साफ केला. "सन्माननीय अध्यक्ष महोदय..." म्हणून त्यानं अशी काही सुरुवात केली की शुभदाताई नकळत ताठ बसल्या. तेव्हापासून त्याच अध्यक्ष. हातात चमचा होताच.

दोन मिनिटं झाली आणि चीफना राहवलं नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "बसा खाली!"

दिनू बसला नाही. पण शेजारच्या टेबलावरचे एक चिनी आजोबा रिकामा ट्रे घेऊन नुकते उठले होते, ते मुकाट्यानं परत खाली बसले!

दिनूला काही क्षण राग आला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हेच पाहिजे! असंच अडवा मला. दर रविवारी अडवा."

आमच्या रविवारच्या सभागृहाची स्थापना ही अशी झाली. चीफ विरोधी पक्ष, मी अर्थ खातं, ताई अध्यक्ष. कोपी, म्हणजे इथली ती काळी दाट कॉफी, सरकारी खर्चानं, म्हणजे माझ्या.

* * *

दिनूचं म्हणणं साधं होतं. सरकार दरवर्षी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांना थोडे थोडे पैसे देतं. त्यात यंदा एक तुकडा होतो, पुढच्या वर्षी दुसरा. दुसरा होईपर्यंत पहिला उखडलेला. डोंगरातल्या लहान वाड्यांची पाळी यायला एक पिढी जाते. त्यापेक्षा सरकारनं कर्ज काढावं, सगळ्या वाड्यांचे रस्ते एकदम करावेत आणि पुढची पंधरा-वीस वर्षं सावकाश फेडावं.

"फेडणार कोण?" चीफ गरजायचे. दर रविवारी, अगदी त्याच जागी! "आज तुम्ही फीत कापणार आणि पैसे आमची पोरं भरणार?"

"रस्त्यावरनं जाणार कोण? तीच पोरं ना?" दिनू म्हणायचा. पण हे उत्तर त्याचं त्यालाच पुरत नसे. तिथे आला की तो अडखळायचा.

एका रविवारी रेवा आईला न्यायला आली होती. ती कानातला इअरफोन काढून फोनमध्ये डोकावली. "व्हॉट यू ऑल फायटिंग अबाउट?"

चीफनी तिला त्यांच्या परीनं सगळा अर्थसंकल्प समजावून सांगितला.

"दॅट्स ऑल?" रेवा म्हणाली. "हिअर एव्हरीबडी टेक लोन, बाय फ्लॅट, लाह! हू वेट अंटिल सिक्स्टी देन गो इनसाइड?"

साठाव्या वर्षापर्यंत पैसे साठवायचे आणि मग घरात राहायला जायचं, असं कोण करतं? इतका साधा मुद्दा आम्हा तीन शहाण्यांना दोन महिने सुचला नव्हता.

ताईंनी चमचा आपटला. "सन्माननीय सदस्या सभागृहाच्या सदस्या नसल्या तरी त्यांचा मुद्दा कामकाजात घेण्यात येत आहे!"

चीफ तेवढ्यात म्हणाले, "पण फ्लॅट विकता येतो. रस्ता विकता येतो का?"

आणि दिनू पुन्हा अडखळला.

* * *

मग दिनूच्या डोक्यात आलं की भाषणात सिंगापूरचा दाखला द्यावा. मला म्हणाला, "तिथल्या ग्रामीण रस्त्याचा एक चांगला फोटो पाठव."

"दिनू, तू इथे चार वर्षं राहिलायस. इथे खेडं कुठाय?"

"अरे, असेल की कुठेतरी कोपऱ्यात. शोध ना. तुला रविवारी दुपारी दुसरं काय काम असतं?"

हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. टेबल साडेअकराला उठायचं. त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत माझ्यापुढे नुसता रविवारच पसरलेला असायचा.

मी बसनं लिम चू कांगच्या बाजूला गेलो. तिकडे भाजीचे मळे आहेत असं ऐकून होतो. खरंच होते! मळ्यामधून एक रस्ता, आरशासारखा गुळगुळीत, कडेला रंगवलेला बसस्टॉप, स्टॉपवर बाक, बाकावर छप्पर. आणि माणूस एकही नाही. मी फोटो काढले, उभे, आडवे, वाकून. मग बाकावर बसलो. बस यायला वेळ होता. खरं सांगायचं तर बस आली आणि मी ती सोडली. तिथे बरं वाटत होतं. घरी जाऊन तरी काय करणार होतो?

दुसरी बस आली तेव्हा ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, "अंकल, यू लॉस्ट?"

"नो, नो. आय अ‍ॅम टेकिंग फोटो ऑफ रोड. फॉर अ पॉलिटिशियन."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "कम, अंकल. सिट इन फ्रंट," म्हणाला आणि स्टेशन येईपर्यंत दर दोन मिनिटांनी आरशातून मला न्याहाळत राहिला. टेबलावरून उठल्यानंतर माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस होता.

फोटो बघून दिनूचा फोन आला. "रस्ता झकास आहे रे. पण यात माणूस कुठाय? हा दाखवला तर सभागृह म्हणेल, स्मशानाचा रस्ता कर्ज काढून कशाला करता!"

* * *

आता चीफबद्दल. चीफ एवढे अडवायचे म्हणजे त्यांना रस्ता नको होता, असं नाही. उलट टेबलावर रस्त्याची खरी गरज त्यांनाच होती.

त्यांचे वडील, अण्णा, दिनूच्याच मतदारसंघात वरच्या वाडीत राहायचे. एकटेच. अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस-एक वर्षं त्यांनी जिल्हाभर गावागावांत माणसं नेऊन सोडली. स्वतः मात्र ड्युटी संपली की फाट्यावर उतरायचे आणि दीड तास डोंगर चढून घरी जायचे. त्यांच्या वाडीला कधी एसटी आलीच नाही, कारण वाडीला रस्ताच नव्हता.

आदल्या वर्षी अण्णांच्या छातीत कळ आली. वाडीतल्या पोरांनी डोली करून त्यांना खांद्यावरून खाली आणलं, वाटेत दोनदा टेकवत. वाचले. पण घरी परतले ते हट्टालाच पेटून. "चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातो. मी जाऊन परत आलोय. आता पुन्हा डोलीत बसणार नाही," म्हणाले. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं, तारखा उलटून गेल्या. गुडघे चालू देत नाहीत आणि डोलीला ते हातही लावू देत नाहीत! मुलीकडे जात नाहीत, सिंगापूरला येत नाहीत. चीफना रात्री झोप लागायची नाही, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हाला ते त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं.

म्हणून एका रविवारी दिनू स्वतःच वरच्या वाडीला चढून गेला. कॉल लागला तेव्हा आमदार दगडावर बसून धापा टाकत होते आणि शेजारी अण्णा, पांढऱ्या सदऱ्यात, टोपी घालून.

चीफनी फोन जवळ ओढला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

"अण्णा, बरे आहात ना?"

"मी बराय. तुमचा आमदार दमलाय. त्याला पाणी दिलंय."

"अण्णा, रस्ता झाला तर याल ना खाली, डॉक्टरकडे?"

अण्णांनी थोडा विचार केला. "रस्ता झाला तर मी खाली कशाला येऊ? डॉक्टरच वर येईल की!"

वाडीतली माणसं हसली, दिनू हसला, आम्हीही हसलो. चीफ हसले आणि मग हात धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

* * *

सभागृहाची सवय किती भिनली होती याचा एक नमुना सांगतो. पाया लेबारला माझ्या ऑफिसात आमच्या बॉस, मिसेस टॅन, एका प्रोजेक्टची घसरलेली तारीख समजावून सांगत होत्या. सगळे खाली बघत होते. माझा हात आपोआप वर गेला आणि मी म्हणालो, "पॉइंट ऑफ ऑर्डर!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मिसेस टॅननी चष्मा खाली केला. "येस, ऑनरेबल मेंबर?"

आता मागे फिरता येईना. मी उभा राहून बोललो. तारीख का घसरली, कोणामुळे घसरली, सगळं! आणि बसलो. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत तुम्ही मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोललात. मला वाटायचं तुम्हाला काही म्हणायचंच नसतं."

हे घरी जाऊन कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं. पुण्यात मुलीची प्रिलिम चालू होती, बायको म्हणाली उद्या बोलू. मग मी चीफना फोन केला. त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

* * *

मग दिनूचे फोन बंद झाले.

एका संध्याकाळी त्याचा एकच निरोप आला. पक्षातल्या वरिष्ठांनी बोलावून सांगितलं होतं की निवडणूक जवळ आली आहे, कर्ज हा शब्द तोंडातून काढू नकोस. बोललास तर पुढची उमेदवारी विसर.

पहिल्या रविवारी आम्ही वाट बघितली. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दुसऱ्या रविवारीही ठेवला. चीफनी कोणालाच अडवलं नाही, कारण अडवायला कोणी बोलतच नव्हतं. आपण तिघं एकमेकांशी काय बोलायचो, हेच आम्हाला आठवेना. तिसऱ्या रविवारी कोपीच्या स्टॉलवरची आँटी कप ठेवता ठेवता काळ्या फोनकडे बघून म्हणाली, "युवर फ्रेंड इनसाइड, टुडे ऑल्सो नो कम?"

ताईंना ते सहन झालं नाही. एचआरमध्ये आयुष्य गेलेली बाई! त्यांनी तिथल्या तिथे कागदावर नोटीस लिहिली, तिचा फोटो काढला आणि दिनूला पाठवला. "सन्माननीय सदस्य सलग तीन बैठकांना विनापरवानगी गैरहजर आहेत. चोवीस तासांत लेखी कारणे दाखवा. अध्यक्ष, पंख्याखालचे टेबल, जुरोंग ईस्ट."

उत्तर पाचव्या मिनिटाला आलं. "कारण: एकटा पडलोय. इथे सगळे भेटतात, पण अडवत कोणी नाही."

आणि त्याखाली दुसरी ओळ, "गुरुवारी अर्थसंकल्पावर बोलतोय. तेच बोलणार आहे."

चीफनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग नाक शिंकरून म्हणाले, "तरी फेडणार कोण, ते गाढवाला अजून नीट सांगता येत नाही!"

* * *

गुरुवार.

दिनूला वेळ मिळाली ती दुपारच्या जेवणाच्या तोंडावरची, म्हणजे आमच्याकडे चार वाजता. ताई हार्बरफ्रंटच्या एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये. चीफ त्यांच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, बंद गाडीत. मी पाया लेबारला आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यात, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये, पायरीवर. लॅपटॉपवर विधानसभेचं कामकाज आणि फोनवर आमचा तिघांचा कॉल.

सभागृह ओस पडलं होतं. सत्तेच्या बाजूला चार-पाच माणसं, त्यातलं एक डुलक्या घेणारं. समोरची बाकं तर रिकामीच. गॅलरीत मतदारसंघातली थोडी माणसं येणार आहेत, असं दिनूच्या पीएनं कळवलं होतं, पण कॅमेऱ्यात गॅलरी दिसत नाही.

दिनू उभा राहिला. "सन्माननीय अध्यक्ष महोदय..."

चांगला बोलला. आमच्यासमोर बोलायचा त्यापेक्षाही चांगला. उखडलेले तुकडे सांगितले. रेवाचा फ्लॅट सांगितला. "कर्ज काढा," असं स्पष्ट, न कचरता म्हणाला. डुलकीवाले सदस्य जागे झाले आणि त्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं. आता याची उमेदवारी गेली, हे त्या बघण्यात मला इतक्या लांबून दिसलं.

आणि मग ती जागा आली. दिनू थांबला. सवयीनं थांबला. समोरच्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिला. कोणी अडवायलाच नव्हतं. एक सेकंद, दोन, तीन. अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला, "माननीय सदस्य, संपलं का आपलं?"

दिनूनं हातातले कागद उलटेसुलटे केले.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या बाहेरून, वरून कुठूनतरी, एक म्हातारा पण खणखणीत आवाज आला. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा.

"अहो साहेब, थांबलात का? बोला की पुढं! इथवर ऐकायला आलोय!"

डुलकीवाले दचकून उठून उभेच राहिले. खुर्चीवरून घंटा वाजली. "गॅलरीत शांतता पाळा! मार्शल, त्या गृहस्थांना बाहेर न्या."

वर धावपळ झाल्याचे आवाज आले. आणि मग पुन्हा तोच आवाज, जराही न चढवता.

"हात नका लावू. वरच्या वाडीतनं माझ्या पायानं उतरून आलोय. बाहेरही माझ्या पायानंच जाईन."

दिनू वर बघत होता. गडबड ऐकून लॉबीतले सदस्य दारातून आत यायला लागले होते, बाकं भरत होती, आणि दिनू नुसता वर बघत होता.

मग पार्किंगमधल्या त्या बंद गाडीतून चीफचा आवाज फुटला, इंजिन रूममधला, माझ्या जिन्यात वरपासून खालपर्यंत घुमला.

"साने, दिनूच्या पीएला फोन लाव! भाषण राहू दे, आधी अण्णांना डॉक्टरकडे घेऊन जा म्हणावं! माणूस खाली उतरलाय रे, माणूस खाली उतरलाय!"